ऑईल बदललं की गाडी गळायला लागते: जुन्या गाडीतली गळती शोधण्याचा क्रम

लक्षणं

घरी ऑईल आणि फिल्टर बदलून दोन-तीन दिवस झालेत. सकाळी गाडी मागे घेतली तर पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळपट डाग. आठवड्याने तो बशीएवढा होतो. सिग्नलला थांबलं की बॉनेटच्या फटीतून तेल करपल्यासारखा वास येतो, कधी पातळ धूरही दिसतो. डिपस्टिक पुसून पाहिली तर ऑईलची रेघ पंधरा दिवसांपूर्वी होती त्याच्या खाली. किंवा फरशी कोरडी आहे, पण इंजिनाच्या खालच्या अंगाला धूळ आणि तेलाचा जाड काळा थर बसलाय. किंवा कुठेच काही दिसत नाही, तरी दर हजार किलोमीटरला पाव-अर्धा लिटर ऑईल टाकावं लागतंय.

यातलं काहीही असेल तर पुढचा क्रम तुमच्यासाठी आहे. पण तीन लक्षणं अशी आहेत की तिथे क्रम वगैरे काही नाही. गाडी चालू असताना डॅशबोर्डवरचा ऑईलचा लाल दिवा लागला किंवा लुकलुकला, तर गाडी बाजूला घेऊन त्याच क्षणी इंजिन बंद करायचं. तो दिवा ऑईल किती उरलंय हे सांगत नाही, दाब गेलाय हे सांगतो. दाब गेल्यावर क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगवर ऑईलचा थर राहत नाही, आणि पुढचे दोन-तीन किलोमीटर इंजिनाची वाट लावायला पुरतात. दुसरं, डिपस्टिकवर ऑईल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर कूलंट ऑईलमध्ये शिरलंय. गाडी चालवू नका, मेकॅनिकला बोलवा. तिसरं, ऑईल थेट सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर पडून दाट धूर निघतोय. त्यात आगीचा धोका आहे. या तिन्ही वेळी गाडी ओढून न्यायची, चालवत न्यायची नाही.

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी तेवीस वर्षं मेंटेनन्सला होतो. घरी १९९८ ची मारुती ८०० आहे. तिचं ऑईल आणि फिल्टर गेली सोळा वर्षं मीच बदलतो, आणि सिडकोतल्या आमच्या गल्लीतल्या, नात्यातल्या जुन्या गाड्यांचंही काम हळूहळू माझ्याकडे येत गेलं. त्यामुळे "मामा, परवाच नवीन ऑईल टाकलं आणि गाडी गळायला लागली" हे वाक्य मी भाच्याकडूनच नव्हे, बऱ्याच जणांकडून ऐकलंय. दहा गाड्या पाहिल्या तर सात-आठ ठिकाणी दोष ऑईल बदलताना केलेल्या कामातच सापडला. इंजिन म्हातारं झाल्याचा दोष फार थोड्या वेळा निघाला. आणि जवळपास प्रत्येकाने माझ्याकडे येण्याआधी एकच उपाय केलेला असतो: पाना घेऊन जे हाताला लागेल ते अजून आवळायचं. कृपा करून तेवढं करू नका. गळती आवळून थांबत नाही, आणि आवळल्यामुळे पन्नास रुपयांचं काम हजारांत गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

आधी पुठ्ठा

पहिली तपासणी फुकट आहे. मोठा कोरा पुठ्ठा घ्या, फ्रिजच्या खोक्याचा असला तर उत्तम. रात्री गाडी लावल्यावर तो इंजिनाखाली सरकवा आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा त्यावर खडूने किंवा पेनाने आखून ठेवा. सकाळी थेंब कुठे पडलेत ते मोजून कळतं. नुसत्या फरशीवर गेल्या महिन्याचा डाग आणि कालचा डाग वेगळा काढता येत नाही, आणि पावसाळ्यात तर नाशिकच्या उघड्या पार्किंगमध्ये सकाळपर्यंत डागच धुऊन गेलेला असतो.

पडलंय ते ऑईलच आहे का हेही पुठ्ठ्यावरच बघा. इंजिन ऑईल बोटाला बुळबुळीत लागतं, रंग मधासारखा ते काळा. गिअर ऑईल त्याहून दाट आणि त्याला उग्र, गंधकासारखा वास असतो. कूलंट हिरवं किंवा लालसर, पाण्यासारखं पसरतं. एसीचं पाणी सुकून जातं, डाग ठेवत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर द्रव दिसला तर ते ब्रेक ऑईल असू शकतं. तसं असेल तर हा सगळा विषय बाजूला ठेवा, ब्रेक दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवू नका.

भाच्याच्या गाडीखाली पुठ्ठ्यावर सहा थेंब होते, सगळे एका तळव्याएवढ्या जागेत. एवढ्यावरून गळती सापडली असं मात्र समजू नका. थेंब पडतो तिथे गळती असतेच असं नाही. ऑईल वरून खाली ओघळतं, आणि गाडी चालताना वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची.

डिपस्टिक, झाकण आणि सांडलेलं ऑईल

गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबलेलं. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा आणि मग वाचा. पहिल्यांदा काढल्यावरचं वाचन धरू नका. रेघ वरच्या खुणेच्या वर असेल तर ऑईल जास्त झालंय. हे फार होतं, कारण दुकानातून तीन लिटरचा कॅन आणला की तो अख्खा ओतायचा मोह होतो. माझ्या ८०० मध्ये फिल्टरसकट अडीच ते पावणेतीन लिटरच्या दरम्यान काम भागतं. मी आधी अडीच ओततो, इंजिन मिनिटभर चालवून बंद करतो, दहा मिनिटांनी पट्टी बघतो आणि मग थोडं थोडं वाढवतो. जास्त झालेलं ऑईल क्रँक घुसळते, त्याला फेस येतो, ब्रीदरमधून (इंजिनातला वायू बाहेर नेणाऱ्या पाइपातून) ते एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि सीलवर (फिरत्या दांड्यांभोवतीच्या रबरी कड्यांवर) नको तो ताण येतो. एवढंच कारण निघालं तर जास्तीचं काढून टाका, बाकी काही करू नका.

मग वरचं ऑईल ओतायचं झाकण. त्याच्या आतली रबरी रिंग कडक झाली असेल, चिरली असेल तर तिथून ऑईल टॅपेट कव्हरवर (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावर) उडत राहतं. रिंग किंवा झाकण, दोन्ही स्वस्त.

आणि सांडलेलं ऑईल. फिल्टर सोडला की त्यातलं वाटीभर ऑईल इंजिनावरून, खालच्या आडव्या चॅनलवरून ओघळतं आणि त्या पत्र्याच्या घडीत साचून बसतं. पुढचे तीन-चार दिवस ते थेंब थेंब पडत राहतं. ही गळती नव्हेच. शेजारच्या काकांनी याच कारणासाठी दुसऱ्यांदा नवीन फिल्टर आणला होता. मी चॅनलच्या घडीत जुन्या बनियनचं फडकं घालून ओढलं, काळं चिंब होऊन बाहेर आलं, आणि डाग थांबले.

पुसा, पावडर मारा, फिरवून आणा

याला एक सुट्टीची सकाळ द्या. इंजिन पूर्ण थंड असताना ब्रशने थोडं डिझेल लावून तेलाचा थर सोडवा, फडक्याने कोरडं पुसून काढा. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना वीज वाटणारा भाग), अल्टरनेटर, वायरिंगचे जोड यांच्यावर काही उडू देऊ नका, आणि डिझेलचा वास पूर्ण जाईपर्यंत गाडी चालू करू नका. प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुणारे बरेच आहेत, मला ते जुन्या गाडीसाठी पसंत नाही. सुकलेल्या वायरींच्या जोडांत पाणी शिरलं की नवीनच दुखणं मागे लागतं.

कोरडं झालं की संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर किंवा कॅरमची पावडर हलकेच फुंका: फिल्टरच्या गळ्याशी, ड्रेन बोल्टभोवती (जुनं ऑईल काढायचा खालचा बोल्ट), टॅपेट कव्हरच्या कडेने. बेल्ट आणि पुलीपासून दूर. मग गाडी फिरवून आणा. मी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन येतो, आमच्या घरापासून जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर होतात, इंजिन नीट तापतं. परत आल्यावर टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर ऑईलची ओली रेघ इतकी स्पष्ट उमटते की वाद उरत नाही. कारखान्यात लाखाची यंत्रं आम्ही याच पद्धतीने तपासायचो. ज्या जागेची पावडर कोरडी, ती जागा निर्दोष. तिला हात लावू नका.

काही गळत्या गाडी जोरात ताणल्याशिवाय दिसत नाहीत. कसारा घाट चढून आल्यावर गळणारी आणि गावात न गळणारी गाडी मी पाहिली आहे. तसा संशय असेल तर लांबच्या फेरीनंतर पुन्हा पहा.

ब्रीदर पाइप

पाना हातात घेण्याआधीची ही शेवटची तपासणी, आणि लोक ती हमखास विसरतात. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू कायम चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यात, उतरत असतो. तो ब्रीदरच्या पाइपातून, काही गाड्यांत पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (त्याच वाटेवरच्या छोट्या झडपेतून) बाहेर खेचला जातो. ती वाट काजळीने बुजली की आतला दाब वाढतो आणि ऑईलला मिळेल त्या सीलमधून बाहेर ढकलतो. मग तुम्ही टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदला, ऑईल सील बदला, दोन महिन्यांत तिथून किंवा दुसरीकडून परत गळणारच. पाइप काढा, रॉकेलने धुवा, फुंकून बघा, चिरलेला असेल तर बदला.

तिथेच अजून एक बघून घ्या. इंजिन मंद गतीवर असताना ऑईलचं झाकण सैल करून नुसतं टेकवून ठेवा. हलकी वाफ, हलकी थरथर ठीक. ब्रीदर साफ असूनही झाकण उडवेल इतका जोर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. इथे घरचं काम संपलं. ते बोअरकाम करणाऱ्या मिस्त्रीचं काम.

फिल्टर

आता खरी जागा. ऑईल बदलल्यावर लगेच सुरू होणाऱ्या गळतीत मी सगळ्यात आधी संशय फिल्टरच्या रबरी रिंगेवर घेतो, आणि त्याला कारण आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सकाळी आम्ही त्र्यंबकला निघालो होतो. आदल्या संध्याकाळी मी ऑईल-फिल्टर बदललेला. महिरावणीच्या पुढे करपट वास आला, आरशात मागे निळसर धूर दिसला, आणि तेवढ्यात लाल दिवा एकदा लुकलुकला. मी तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद केलं. खाली वाकून पाहिलं तर फिल्टरच्या गळ्यातून ऑईलची धार लागली होती. गाडी ओढून घरी आणली. फिल्टर सोडल्यावर नवीन फिल्टरची रिंग जागेवर होती, फक्त एका बाजूने बाहेर फुगलेली. मग ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य लोखंडी अंगाच्या) तोंडावर, जिथे फिल्टर बसतो तिथे, बोट फिरवलं आणि बोटाला एक कड लागली. जुन्या फिल्टरची रिंग. चपटी, काळीकुट्ट, ब्लॉकच्या लोखंडाला इतकी एकजीव झालेली की नखाने खरवडून एक टोक उचललं तेव्हा कुठे ती रबर आहे हे पटलं. जुना फिल्टर निघाला पण त्याची रिंग मागे राहिली, मी तिच्यावर नवीन फिल्टर बसवला. दोन रिंगा एकमेकींवर घसरल्या आणि दाबाने वरची बाहेर आली. मंद गतीवर घरी चालवून पाहिलं तेव्हा एक थेंबही गळला नव्हता. रस्त्यावर इंजिन फिरायला लागल्यावर ऑईलचा दाब वाढतो, तेव्हा ती सुटली. दिवा दिसताच इंजिन बंद केलं म्हणून ते वाचलं, आजही तेच इंजिन आहे.

तेव्हापासून जुना फिल्टर काढला की आधी तो उलटा करून त्याची रिंग त्याच्यातच आहे का हे बघतो. ती दिसेपर्यंत नवीन फिल्टरचं खोकं उघडत नाही. मग ब्लॉकचं तोंड फडक्याने पुसून बोट गोल फिरवतो. हे अंधारात, हात वळवून करायचं असतं, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बोटावरच भरवसा.

नवीन रिंगेला बोटाने नवीन ऑईलचा थर द्या. कोरडी रिंग फिरताना ब्लॉकला चिकटून पिळली जाते आणि पुढच्या वेळी निघताना मागेही राहते. फिल्टर हाताने फिरवत न्या, रिंग टेकली की तिथून पाऊण फेरा, तोही हातानेच. पाना फक्त काढण्यासाठी. पान्याने आवळलेला फिल्टर रिंग चेपून टाकतो, आणि सहा महिन्यांनी काढताना त्याचा पत्रा फाटतो. निघत नसेल तर पट्टा पाना वापरा, किंवा फिल्टरभोवती खरखरीत बाजू आत करून पॉलिश पेपर गुंडाळा, पकड येते. स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायची पद्धत सांगणारे भेटतील. आटे अडकले असतील तर पत्रा फाटून बुंधा तसाच राहतो, आणि मग गाडी जागेवरून हलत नाही.

बसवल्यावर इंजिन चालू करा. रिकामा फिल्टर भरेपर्यंत तीन-चार सेकंद लाल दिवा राहतो, तेवढं ठीक. दहा सेकंदांत गेला नाही तर बंद करा. दिवा गेल्यावर टॉर्चने फिल्टरच्या गळ्याशी बघा, थोडी रेस देऊन परत बघा. माझ्यासारखं नुसत्या मंद गतीवर समाधान मानू नका.

फिल्टर खात्रीच्या दुकानातून घ्या, बिल घ्या. नकली फिल्टरची रिंग कडक प्लास्टिकसारखी लागते आणि आटे ढिले बसतात. दोन फिल्टर दिसायला सारखे असले तरी आट्यांचं माप वेगळं असू शकतं. जुना फिल्टर दुकानात नेऊन शेजारी ठेवून बघणं सगळ्यात सोपं.

ड्रेन बोल्ट आणि त्याचं वायसर

खाली शिरण्यापूर्वी: गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली कधीही जायचं नाही. दोन मिनिटांसाठीही नाही, हात घालण्यापुरतंही नाही. सपाट, टणक जागा, मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावलेले, हँडब्रेक, गाडी लोखंडी स्टँडवर टेकलेली, आणि ढकलून खात्री केलेली. स्टँड नसतील तर हे काम गॅरेजला द्या. यात माझं दुसरं मत नाही.

बोल्टभोवतीची पावडर ओली झाली असेल तर बहुतेक वेळा वायसर दोषी. तांब्याचं किंवा अॅल्युमिनियमचं ते मऊ कडं बोल्ट आवळताना चेपून चेंबरच्या तोंडाशी बसतं आणि फट बंद करतं. एकदा चेपलं की त्याची मऊपणाची पुंजी संपली. दुसऱ्यांदा ते पुरेसं चेपत नाही, तिसऱ्यांदा तर मुळीच नाही, मग माणूस अजून जोर लावतो. दर वेळी नवीन वायसर टाका, चहाच्या पैशात येतं. तांब्याचं वायसर गॅसवर लालबुंद तापवून थंड केलं की पुन्हा मऊ होतं, कारखान्यात आम्ही करायचो. आडवेळेला चालेल, पण नवीन मिळत असताना कशाला?

जुनं वायसर चेंबरलाच चिकटून राहिलंय का हेही बघा. फिल्टरच्या रिंगेसारखीच गोष्ट: वर नवीन टाकलं की दोन होतात आणि दोन्ही नीट बसत नाहीत. बोल्ट बसवण्याआधी तोंड पुसा. वाळूचा एक कण गळती करायला पुरतो.

आता जोर किती. माझ्या ८०० ला मी टॉर्क पान्यावर ३५ न्यूटन-मीटर देतो. टॉर्क पाना नसेल तर वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण अठरा किलोचा जोर म्हणजे तेवढंच होतं. पान्यात पाइप घालून, पायाने दाबून आवळणं म्हणजे आटे मारणं. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमधला घ्या, विशेषतः चेंबर अॅल्युमिनियमचा असेल तर.

बोल्ट आधी हाताने चार-पाच फेरे गेला पाहिजे. पहिल्याच फेऱ्याला पाना लागत असेल तर तो तिरका शिरतोय, उलटा काढून परत लावा. आणि आवळताना घट्ट होत होत अचानक हलका झाला, नुसताच फिरत राहिला, तर आटे गेले. इथे थांबा. टेफ्लॉन टेप, एम-सील, साबणाचा लगदा यांनी थांबवलेला बोल्ट महामार्गावर गळून पडला तर मिनिटभरात चेंबर रिकामा होतो. गॅरेजवाला किंवा लेथवाला एक माप मोठे आटे पाडून मोठा बोल्ट बसवतो, नाहीतर आत हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) घालतो. पत्र्याच्या चेंबरला नवीन नट वेल्डिंग करता येतो, पण त्यासाठी चेंबर उतरवूनच. तो न उतरवता वेल्डिंग करू म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका, आत ऑईल आहे.

ऑईल नुकतंच बदललेलं असेल आणि वायसरसाठीच परत काढावं लागत असेल तर ते स्वच्छ टबात घ्या, कापडातून गाळून तेच परत ओतता येतं. जुनं, जळकं ऑईल काढताना इंजिन कोमट असू द्या, कढत नको, आणि हातमोजे घाला. ते कातडीला वारंवार लागणं आरोग्याला वाईट आहे. ते गटारात तर मुळीच ओतायचं नाही. आमच्याकडचे नाले नंदिनी नदीला मिळतात आणि नंदिनी गोदावरीला. वापरलेलं ऑईल २०१६ च्या केंद्राच्या नियमांत घातक कचऱ्यात धरलंय. मी ते पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवतो, दोन वेळच्या कामात कॅन भरतो, तो ओळखीच्या गॅरेजला देतो, तिथून परवाना असलेला रिसायकलवाला नेतो. फिल्टरही रात्रभर कॅनवर उलटा निथळून मग द्यायचा.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग

फिल्टर आणि बोल्ट कोरडे, पण टॅपेट कव्हरच्या कडेची पावडर ओली, आणि करपट वास येतोय. वयाने आलेल्या गळत्यांतली ही सगळ्यात जास्त दिसणारी. वर्षानुवर्षं तापून पॅकिंगचं रबर कडक होतं, दाबलं तर नख उमटत नाही. इथलं ऑईल सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडतं म्हणून फरशीवर डाग कमी आणि वास जास्त.

नवीन पॅकिंग स्वतः बदलता येतं. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं तरी पॅकिंग अजून सहज मिळतं. कव्हर काढा, दोन्ही तोंडं जुन्या पॅकिंगच्या कणांपासून साफ करा, कण आत पडू देऊ नका, पॅकिंग खाचेत सगळीकडे बसलंय हे बघून कव्हर ठेवा. बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून, हलक्या हाताने. जास्त आवळलं की कव्हरचा पत्रा वाकतो आणि मग नवीन पॅकिंगही गळतं.

इथे एक इशारा. कव्हरच्या गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यातून ओघळलेलं ऑईल खाली इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर येऊन थेंबतं. ज्या जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर हेडच्या (ब्लॉकवर बसणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागाच्या) त्याच टोकाला बसतो, तिथल्या ओ रिंगेची गळतीही तिथेच उतरते. खालून बघणारा सांगतो, "मागचं क्रँक सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." भाच्याला एका ठिकाणी असंच सांगितलं होतं. पावडर मारून पाहिली तर सांधा वरपासून ओला होता, रेघ थेट टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यात जात होती. पॅकिंग बदललं, पुठ्ठा चार रात्री कोरडा राहिला. पाचव्या रात्री एक थेंब आला, तो चॅनलच्या घडीतला निघाला.

डिस्ट्रिब्युटर काढायचा तर आधी त्याच्या जागेवर खूण करा. तो जरा जरी फिरला तरी टायमिंग बदलतं. टायमिंग लावायची सवय नसेल तर हे मेकॅनिककडून करून घ्या.

ऑईलचा स्विच, ज्याच्यामुळे लाल दिवा लागतो, तोही गळतो. त्याच्या वायरीचा जोड ओढून बघा. जोडाच्या आत ऑईल असेल तर स्विच गेला. बदलणं सोपं आहे, पण त्याचे आटे बारीक आणि नाजूक असतात, जोर करू नका.

इथून पुढे मेकॅनिक

पुढच्या पुलीमागून ऑईल उडतंय, टायमिंग कव्हरखालून ओघळतंय: पुढचं क्रँक सील किंवा कॅम सील. ऑईल टायमिंग बेल्टवर गेलं की बेल्टचं रबर फुगतं आणि तो वेळेआधी तुटतो, गाडी चालत्या रस्त्यात जागेवर बंद पडते. हे आठवड्यावर ढकलू नका. सील बदलताना बेल्टही नवीन टाकायला सांगा, मजुरी एकदाच लागते.

सांध्यात ऑईल आहे, वरचं सगळं कोरडं आहे, आणि क्लच घसरतोय: मागचं सील. गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. क्लच प्लेट झिजली असेल तर तीही त्याच वेळी.

हेड आणि ब्लॉकच्या मधून बाहेर येणारं ऑईल, किंवा चेंबरच्या सगळ्या कडेने झिरपणारं, हेही घरी जमिनीवर झोपून करायचं काम नव्हे.

डाग नाही, ओल नाही, तरी ऑईल कमी होतंय, तर ते जळतंय. सकाळी चालू करताना एकदाच निळा धूर आला आणि थांबला तर व्हॉल्व्ह सील. रेस दिल्यावर, चढावर सतत निळा धूर तर रिंगा. मी डिपस्टिकची रेघ आणि किलोमीटर डायरीत लिहून ठेवतो. हजार किलोमीटरला एक लिटरच्या आसपास जायला लागलं तर मिस्त्रीकडे न्या, तोवर दर आठवड्याला पट्टी बघून भरत रहा.

गॅरेजला जाताना इंजिन धुऊन नेऊ नका. पावडरीवरची ओली रेघ, पुठ्ठा आणि डायरी दाखवा, काय काय तपासून झालं ते सांगा, आणि जे सील बदलतील ते जुनं हातात मागून घ्या. त्याची कड कडक झालीय की कापली गेलीय ते बघा. कापलेली असेल तर ज्या शाफ्टवर ते बसतं त्याला चरा पडलाय का हे गाडी परत जोडण्याआधी विचारा. त्या शाफ्टवर नवीन सीलही टिकणार नाही.